वॉटर्लूचं ते भोक पडलेलं चिलखत: ज्या पलटणीचं होतं तिचं पुढं काय झालं?

पत्रावाला_काका (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. इतिहासातलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकतो, प्रश्न बावळट वाटला तर सोडून द्या. झालं असं की भाची ऑफिसच्या कामाला पॅरिसला गेली होती, तिकडं इन्व्हालिद म्हणून जागा आहे, नेपोलियनची कबर आहे तीच, तिथल्या लष्करी म्युझियममध्ये तिनं एका चिलखताचा फोटो काढला आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली लिहिलं ‘मामा हे तुझ्या कामाचं’. छातीचा पत्रा आणि पाठीचा पत्रा, पिवळाधमक, आणि छातीत एका अंगाला एवढं मोठं भोक की मोसंबं आरपार जाईल. तोफेचा गोळा लागलाय. वॉटर्लूची लढाई, १८१५. माणसाचं नाव आंत्वान फोव्हो, वय २३, पलटण दुसरी कॅराबिनिए.

मी वागळे इस्टेटला ३५ वर्षं पत्र्याचं काम केलंय, पॉवर प्रेस, शिअरिंग, बेंडिंग सगळं, त्यामुळे मी आधी त्या माणसाकडं नाही, भोकाच्या कडेकडं बघितलं. पुढच्या पत्र्याच्या कडा आत वळल्यात आणि पाठीचा पत्रा बाहेरच्या बाजूला फाटून उलगडलाय. म्हणजे बर, पत्र्याला भोक पाडलं की पलीकडं निघते ती धारदार कड. आमच्याकडं नवीन हेल्परसुद्धा बर कुठल्या बाजूला आलीय ते बघून सांगतो की पंच कुठून मारलाय. इथं पंच पुढून मारला आणि मधे डाय (पत्र्याखालचा साचा) नव्हता, मधे माणूस होता. दोन रात्री तो फोटो डोक्यातून जाईना, बायको म्हणाली फोन ठेवा आता.

तर विचारायचं असं की एक, हे अख्खं पितळेचं आहे का, कारण पितळ मऊ, बख्तर पितळेचं कोण करेल? दोन, तोफेपुढं टिकत नाही तर हे आठ-आठ किलो अंगावर घालायचं कशाला? आणि तीन, ही पलटण आज आहे का? भाचीला तिथं कोणीतरी सांगितलं की बरखास्त झाली. बरखास्त म्हणजे नक्की काय होतं हो, माणसं घरी पाठवतात, घोडे विकतात आणि बोर्ड उतरवतात? मी पहिल्यांदा ज्या कंपनीत लागलो ती पण अशीच दुसऱ्या युनिटमध्ये ‘मर्ज’ झाली आणि चार वर्षांत गाळ्यासकट गेली, पीएफचे कागद शोधायला दोन वर्षं हेलपाटे घातले. माझं पितळी टोकन अजून कपाटात आहे, म्हणून विचारतोय.


मिलानो_रिटर्न (ऐरोली)

काका कॅराबिनिए म्हणजे इटलीचे पोलीस ना, बरखास्त कुठं झालेत, मी मिलानला असताना रोज बघायचो, मस्त युनिफॉर्म असतो, पँटला लाल पट्टी. गाडी चुकीची लावली म्हणून मला पावती पण फाडलीय त्यांनी.


सेक्टर१९_नेरूळ

वरचे भाऊ, ते कॅराबिनिएरी. ते १८१४ ला तुरीनला सव्हॉयच्या राजानं काढले, त्यांचा ह्यांच्याशी नावापुरताच संबंध. कॅरबाइन म्हणजे घोड्यावरून वापरायची आखूड बंदूक, ती ज्याच्या हातात तो कॅराबिनिए, एवढंच. आपल्याकडं कशी कुठलीही पलटण ‘लान्सर्स’ असू शकते तसं.

काका, तुमचा प्रश्न बावळट अजिबात नाही, मी ह्या विषयावर बायकोचं डोकं खात असतो त्यामुळे आज संधी मिळालीय, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

ही माणसं मुळात नेमबाज. चौदाव्या लुईनं घोडदळाच्या प्रत्येक तुकडीत दोन-चार चांगले नेमबाज निवडून त्यांना आटे पाडलेल्या नळीच्या कॅरबाइन दिल्या, मग १६९० च्या सुमाराला प्रत्येक घोडदळ पलटणीत त्यांची एक वेगळी तुकडी झाली, आणि १६९३ ला राजानं ह्या सगळ्या तुकड्या आपापल्या पलटणींतून उचलून एकत्र केल्या आणि एक अवाढव्य पलटण उभी केली, रॉयल कॅराबिनिए. मुख्य कोण, तर राजाचा स्वतःचा मुलगा, ड्यूक ऑफ मेन. औरस नव्हता, नंतर मान्यता दिलेला. आता विचार करा, बाकीच्या कर्नल लोकांना काय वाटलं असेल, आपली दूधावरची साय काढून राजाच्या पोराला दिली. पण तेव्हापासून ह्या पलटणीला ‘आम्ही निवडक’ ही हवा लागली ती शेवटपर्यंत गेली नाही. १७४५ ला फाँतन्वाच्या लढाईत ते होते. क्रांतीच्या वेळी घोडदळाच्या सगळ्या पलटणींची जुनी सरदारी नावं काढून नुसते नंबर दिले, ह्यांचं मात्र कॅराबिनिए हे नाव तसंच राहिलं, दोन पलटणी, पहिली आणि दुसरी, आणि मान बाकी सगळ्या घोडदळाच्या पुढं. राजा गेला, मान नाही गेला!

पितळेचं आणि बख्तराचं खारघरच्या ताई सांगतील, त्या येतीलच, त्यांना टॅग करतो.


खारघरची_रंगारी

आले आले. मी ह्यांना रंगवते. म्हणजे बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक असतात ना ते, रविवारी गॅलरीत भिंग लावून बसते, सासूबाई म्हणतात भातुकली अजून संपली नाही हिची. कॅराबिनिए रंगवायला सगळ्यात छळवाद, कारण पांढरा कोट, पितळी बख्तर, पितळी हेल्मेट आणि त्यावर लालभडक तुरा, कणसासारखा, एक ब्रश चुकला की पांढऱ्यावर लाल.

काका पितळ नुसतं वरून आहे. आत लोखंडाचा पत्रा, त्याच्यावर पितळेचा पातळ पत्रा चढवलेला. बाकीच्या चिलखती घोडदळाचं, म्हणजे क्युरासिएंचं, बख्तर उघड्या लोखंडाचं, चांदीसारखं दिसायचं, आणि ह्यांचं सोनेरी, लांबून ओळखू यावं म्हणून. अधिकाऱ्यांचं तर तांबडं तांबं आणि छातीवर मधोमध सूर्य. म्हणजे लोखंड काम करतं आणि पितळ मिरवतं. (आमच्या ऑफिसात पण दोन माणसं अशीच आहेत, असो.)

आणि गंमत ही की ज्या बख्तरामुळे आज ह्यांना जग ओळखतं ते त्यांच्याकडं फक्त शेवटची पाच-सहा वर्षं होतं, म्हणजे नेपोलियनच्या काळापुरतं बोलतेय. ऑस्टर्लिट्झला १८०५ मध्ये, फ्रीडलँडला १८०७ मध्ये हे लोक निळा कोट आणि डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी घालून लढले, छातीवर काही नाही. बख्तर घालणं म्हणजे कमीपणा असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं असं मला वाटतं, हे माझं मत हं. मग १८०९ आलं. २२ एप्रिलला एकम्यूलला संध्याकाळी ऑस्ट्रियाच्या बख्तरबंद घोडदळाशी समोरासमोर भिडले, बाजूला फ्रेंच क्युरासिए होते त्यांना छातीला आणि पाठीला दोन्हीकडं पत्रा, ऑस्ट्रियावाल्यांना फक्त छातीला. घोडदळाच्या मारामारीत पाच मिनिटांनी कोण कुठल्या बाजूला तोंड करून आहे काही कळत नाही, पाठी उघड्या पडल्या की संपलं, ऑस्ट्रियावाल्यांची पाठीवर जबरदस्त कत्तल झाली. नंतर जुलैत वाग्राम, तिथं कॅराबिनिएंनी बराच मार खाल्ला. त्याच वर्षी डिसेंबरात नेपोलियनचा हुकूम निघाला, टोप्या काढा, बख्तर घाला. जुन्या शिपायांना तो नवीन पांढरा पोशाख आवडला नव्हता म्हणतात.

‘कशाला घालायचं’ ह्याचं उत्तर त्यातच आलं काका. तलवार, भाला, पिस्तूल, लांबून आलेली बंदुकीची गोळी, एवढ्यासाठी ते होतं. तोफेसाठी नव्हतंच. हेल्मेट घालून आपण घोडबंदर रोडला जातो, कंटेनर अंगावर आला तर हेल्मेट काय करणार, पण म्हणून घालायचं नाही का.


पत्रावाला_काका (नौपाडा, ठाणे)

ताई वा! वरून पितळ, आत लोखंड, आता बसलं डोक्यात. फोटो मोठा करून बघितला, भोकाच्या कडेला दोन थर दिसतायत असं वाटतंय पण फोटो हलला की सगळं दाणेदार होतं. पाठीचा पत्रा पुढच्याएवढाच जाड असायचा का? कारण फाटलाय तो जास्त.


खारघरची_रंगारी

नाही काका, पाठीचा पातळ. पुढचा पण सगळीकडं सारखा नाही, मध्ये जाड आणि कडेला पातळ होत जातो.


पत्रावाला_काका (नौपाडा, ठाणे)

मग बरोबर. हातोडीनं ठोकून वाढवत नेलाय. मधे माल ठेवायचा आणि कडेला ताणायचा. पुण्याला तांबट आळीत बंब असेच करायचे.


पानिपत१७६१

एक शंका. आपल्याकडं मराठ्यांच्या घोडदळाचा एवढा मोठा इतिहास आहे, अटकेपर्यंत गेलेले घोडे, त्यावर कोणी धागा काढत नाही आणि इथं फ्रान्सच्या पितळेवर पानं भरतायत. ठाण्याचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३७ ला घेतला, तिथं आज जेल आहे, ते बघायला कोण जातं?


सेक्टर१९_नेरूळ

दादा धागा काढा ना, मी येतो, मनापासून. पण तुमच्या शंकेतच ह्या विषयाची किल्ली आहे म्हणून ती पकडतो.

आपल्याकडं दोन प्रकारचे घोडेस्वार, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून, शिलेदार स्वतःचा घोडा स्वतःचं हत्यार घेऊन येणार. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचं भांडवल मेलं, त्यामुळे तो घोडा जपणार, नको तिथं घालणार नाही, आणि त्यात चूक काय, त्याचं घर त्याच्यावर चालतं. फ्रान्समध्ये जुन्या राजवटीत ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट होती, तिथं शिपाई नाही पण कॅप्टन हाच आपल्या कंपनीचा मालक असायचा, भरती त्याची, घोडे त्याच्या जिवावर, आणि घोडे मेले की खिशाला चाट. १७६० च्या दशकात श्वाझल नावाच्या मंत्र्यानं ते मोडून काढलं, पलटण राजाची, घोडा राजाचा. नेपोलियनच्या हाती आलं तेव्हा अख्खं घोडदळ म्हणजे एक मोठी सरकारी पागा होती, सगळे बारगीर म्हणा ना. म्हणून वॉटर्लूला हजारो घोडे एका दुपारी इंग्रज पायदळाच्या चौकोनांवर घालता आले. शिलेदारांनी असलं काम केलं नसतं आणि मला विचाराल तर शहाणपणा शिलेदाराचा.

बख्तराचं म्हणाल तर आपल्याकडं चारआईना होताच की, छाती, पाठ आणि दोन कुशी, चार तुकडे पट्ट्यांनी बांधायचे. पण ते ज्याला परवडेल त्याचं. अख्ख्या पलटणीला एका मापाचं, एका साच्याचं बख्तर, हा प्रकार वेगळा.


लगाम (घोडबंदर रोड)

घोडबंदर रोडवर राहतो आणि घोड्यांचं काम करतो, अख्ख्या सोसायटीत एकटाच असेन ज्याला हा पत्ता शोभतो. (घोडबंदर नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडलं म्हणतात, अरबी घोडे उतरायचे बंदरात.) रायडिंग शिकवतो, लग्नाच्या वरातीला घोडी देत नाही, कृपया मेसेज करू नका.

चौकोनाचं मी सांगतो कारण लोक सिनेमात बघून वेगळंच समजतात. पायदळ चौकोन करून उभं राहतं, चारी बाजूंनी संगिनी बाहेर, पुढची रांग गुडघ्यावर. घोडा त्याच्यावर जाऊन आदळत नाही. कितीही टाच मारा, घोड्याला समोर जायला जागा दिसली पाहिजे, भिंत दिसली की तो वळतो नाहीतर थांबतो, तो माणसापेक्षा हुशार आहे. मग स्वार काय करणार तर चौकोनाच्या भोवती फिरत राहणार, आणि फिरताना गोळ्या खाणार. त्यात आदल्या रात्री धो धो पाऊस पडलेला, शेतात चिखल, पुरुषभर उंचीची राय (गव्हासारखं पीक) तुडवलेली, आणि चढ. नव्वद किलोचा गडी, त्यावर आठ किलोचं बख्तर, हेल्मेट, खोगीर, तलवार, सामान. आपली भीमथडी तट्टं असती तर खाली बसली असती, ते नॉर्मंडीकडचे दणकट घोडे होते म्हणून चाललं. पण तेही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर दौडत नाहीत, दुडक्या चालीवर येतात. आमच्या इथं पावसाळ्यात अरीना चिखलाचा झाला की वीस मिनिटांत चांगला घोडा फेस गाळतो, मी स्वतः बघतो रोज. हे लोक दोन तास करत होते.


सेक्टर१९_नेरूळ

लगाम दादांनी नेमकं सांगितलं. आता त्या दिवसाचं राहिलेलं, कारण ह्यात कॅराबिनिएंची एक वेगळी शोकांतिका आहे.

१८ जून १८१५. दुपारी चारच्या सुमाराला फ्रेंच मार्शल ने ह्याला वाटलं की इंग्रज माघार घेतायत, त्यानं क्युरासिए घातले, मग आणखी, मग गार्डचं, म्हणजे नेपोलियनच्या खास फौजेचं घोडदळ, सगळं मिळून नऊ-दहा हजार घोडा एका अरुंद पट्ट्यात, एका बाजूला उगूमाँची वाडी आणि दुसऱ्या बाजूला ला हे सेंत. तोफा इंग्रजांच्या चौकोनांपुढं उघड्यावर. घोडदळ आलं की गोलंदाज पळत चौकोनात शिरायचे, घोडदळ मागं हटलं की परत तोफेवर. फ्रेंचांनी तोफा ताब्यात घेऊन त्यांच्या कानात (बत्ती लावायच्या भोकात) खिळा ठोकायला पाहिजे होता, नाही ठोकला. हजारो स्वार तोफांच्या मधून गेले-आले आणि खिळे-हातोडी कोणाकडंच नाही! पत्रावाला काका, तुमच्यासारखा एक माणूस हातोडी घेऊन तिथं पाहिजे होता.

कॅराबिनिए केलरमान ह्या सेनापतीकडं होते, दोन्ही पलटणी मिळून आठशेच्या आसपास स्वार. हा तोच केलरमान ज्यानं १८०० ला मारेंगोला ऐन वेळी हल्ला चढवून हरलेली लढाई फिरवली होती, त्याला घोडदळ कळत होतं, आणि त्याला हा सगळा प्रकार चुकीचा वाटत होता. म्हणून त्यानं कॅराबिनिएंची ब्रिगेड मुद्दाम बाजूला उगूमाँजवळ थांबवली आणि बजावलं, जागचं हलायचं नाही. शेवटची राखीव. आणि मार्शल ने ह्याला ती दिसली. ने स्वतः तिकडं गेला आणि त्यांनाही घेऊन गेला. केलरमान बघत राहिला.

म्हणजे फोव्हो ज्या गोळ्यानं गेला त्याच्या वाटेत तो येणारच नव्हता. इंग्रजांच्या मैदानी तोफा नऊ पौंडी आणि सहा पौंडी, नऊ पौंडी म्हणजे चार किलोचा भरीव लोखंडी गोळा, साधारण दहा सेंटिमीटर जाडीचा. तुमचं मोसंबं बरोबर आहे.


मिलानो_रिटर्न (ऐरोली)

बापरे. मी पोलिसांचं बोललो ते मागं घेतो.


पत्रावाला_काका (नौपाडा, ठाणे)

नेरूळवाले, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. थांबवलेला माणूस कोणाला तरी ‘दिसतो’ आणि त्याला कामाला लावतात, हे आमच्या शॉपफ्लोअरवर पण बघितलंय, मशीनचा गार्ड काढून ‘एवढा एक लॉट मारून दे’ म्हणणारे. असो. तिसरा प्रश्न राहिला, पलटण गेली कुठं?


सेक्टर१९_नेरूळ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, इतक्या वेळा गेली की शेवटचं जाणं कुठलं धरायचं हे तुम्ही ठरवा.

वॉटर्लूनंतर परत आलेल्या अठराव्या लुईनं नेपोलियनची अख्खी सेनाच मोडली. पण कॅराबिनिए नावाची हौस राजांना होतीच, त्याच वर्षी एक पलटण राजाच्या भावाच्या नावानं परत काढली. १८२५ ला तिच्या दोन केल्या. १८६५ ला दोनाची परत एक, आणि ती तिसऱ्या नेपोलियनच्या गार्डमध्ये. मग १८७० चं प्रशियाशी युद्ध, गार्ड मेट्झच्या किल्ल्यात अडकली, २७ ऑक्टोबरला सेनापती बाझेननं पावणेदोन लाखाच्या आसपास फौजेसकट शरणागती पत्करली. साम्राज्य आधीच गेलं होतं, गार्ड गेली, आणि १८७१ ला ह्या कॅराबिनिएंची झाली अकरावी क्युरासिए. नाव संपलं ते तिथं. पितळ गेलं, लोखंड राहिलं.

आणि इथं तुमचं ‘मर्ज’ आठवतंय काका, कारण मर्ज झालेलं युनिट पुढं असं काही करून गेलं की मूळ कंपनीनं अभिमान बाळगावा. १९१४ ला क्युरासिए खरोखर बख्तर घालून, वर कापडी खोळ चढवून मशीनगनपुढं गेले, विसाव्या शतकात! मग शहाणपण आलं, घोडे काढून घेतले, अकरावी ‘पायी क्युरासिए’ झाली आणि मे १९१७ ला लाफोच्या गिरणीपाशी चौथ्या आणि नवव्या पलटणीबरोबर खंदकातून लढली, साध्या पायदळासारखी.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स हरल्यावर जी छोटी सेना ठेवायची परवानगी होती त्यात ही पलटण ल्योंला होती. २७ नोव्हेंबर १९४२ ला जर्मनांनी ती सेनाही मोडली. त्या दिवशी नार्सिस गेयर नावाचा एक लेफ्टनंट पलटणीचं निशाण काढून, थोडे शिपाई आणि घोडे घेऊन, जर्मनांच्या नाकाखालून बॅरकीतून बाहेर पडला आणि सरळ जंगलात. पुढं व्हेरकोरच्या डोंगरात १९४४ ला जर्मनांशी लढताना तिथल्या बंडखोरांनी अकरावी क्युरासिए हेच नाव घेतलं. निशाण वाचलं म्हणजे पलटण वाचली, अशी त्यांची समजूत. आपल्याकडं जरीपटका पडला की लढाई गेली म्हणायचे, तसंच.

त्यानंतर रणगाडे. १९९९ ला पहिल्या क्युरासिएशी जोडून ‘पहिली-अकरावी’ अशी जोडपलटण, मार्सेयजवळ कार्पियाँला, आणि २००९ ला तीही बरखास्त. शीतयुद्ध संपलं, बजेट कमी, एवढे रणगाडे कोणाला पाहिजेत. म्हणजे भाचीला सांगणारा खोटं बोलला नाही.

बरखास्त म्हणजे काय, तर माणसं घरी जात नाहीत, दुसऱ्या पलटणीत जातात. निशाण गुंडाळलं जातं आणि पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यात जमा होतं, आणि पाच-पन्नास वर्षांनी गरज पडली तर तेच बाहेर काढून त्याच नावानं पलटण परत उभी करतात. पाचवी क्युरासिए अशीच परत आली, तीही कुठं तर आबुधाबीला!


पानिपत१७६१

आपल्याकडं पण हेच. इंग्रजांनी १९२१-२२ ला घोडदळाच्या पलटणी जोडून जोडून निम्म्या केल्या. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स ही नावं राहिली, आज रणगाड्यांवर आहेत. आणि फ्रान्सचंच बोलायचं तर १४ जुलै १९१६ ला सॉमला डेक्कन हॉर्सनं घोड्यावरून भाले घेऊन चढाई केली होती, हाय वूडपाशी. फ्रेंच स्वार घोड्यावरून उतरवले जात होते तेव्हा आपले तिथं घोड्यावर होते. हे माझ्या आधीच्या पोस्टला जोडून वाचा, भांडण नाही.


लगाम (घोडबंदर रोड)

घोड्यावरची पलटण अजून बघायची असेल तर जयपूरला ६१ कॅव्हलरी आहे. मी दोनदा जाऊन आलोय, त्यांचे तबेले बघून रडू येतं इतके स्वच्छ.


खारघरची_रंगारी

दादा निशाणाची गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्याकडं एक कॅराबिनिए आहे ज्याचा हात तुटलाय म्हणून रंगवला नव्हता. तो आता घेते.


पत्रावाला_काका (नौपाडा, ठाणे)

चार दिवसांनी लिहितोय. तुम्ही एवढं सांगितलंत तर मी नुसता आभारी आहे म्हणून कसा जाऊ, माझ्या हातात होतं ते केलं.

रोड नंबर १६ ला माझ्या जुन्या मित्राचं छोटं युनिट आहे, हायड्रॉलिक प्रेस आहे तीस टनी. रविवारी बंद असतं, त्याला म्हटलं दोन तास दे. दोन एमएमचा एमएस, म्हणजे साधा लोखंडी पत्रा घेतला, त्यावर अर्ध्या एमएमचा पितळेचा, कडेनं रिव्हेट मारले, आणि बेअरिंगमधला इंची गोळा ठेवून दाबला. प्रेस हळू दाबते, तोफ काय तशी नसते हे मला कळतं, त्यामुळे ह्याला पुरावा म्हणू नका, गंमत म्हणा. आधी पितळ वर ठेवून, म्हणजे छातीचा पत्रा. पितळ फाटलं नाही लवकर, गोळ्याबरोबर आत ओढलं गेलं, कड गोल झाली, हात फिरवला तरी लागत नाही. मग उलटा केला, लोखंड वर, पितळ खाली, म्हणजे पाठीचा पत्रा, आतून बाहेर. आवाज झाला फाडकन, मित्र दचकून मागं सरला. लोखंड चांदणीसारखं फाटलं, पाच पाकळ्या, आणि पितळ त्याच्यापासून सुटून बाहेरच्या बाजूला पापडासारखं वाकलं. भाचीच्या फोटोत पाठीच्या भोकाला जी पिवळी जीभ लोंबतेय ना, तशीच.

तो तुकडा घरी आणलाय. पाकळीनं अंगठा कापला, टिटॅनसचं घेऊन आलो. बायको म्हणते टोकनाशेजारी ठेवा पण पाकळ्या वर करून नको, पोरं येतात घरात. उद्या फाईल मारून कडा मारतो, पुढची बाजू तशीच ठेवणार.

ताई, तुमचा तुटक्या हाताचा गडी झाला की फोटो टाका.